दार लावून लिहिणारी लेक

सप्रेम नमस्कार ताई,

वेंगुर्ल्याजवळच्या गावातून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगी मराठी घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, लेखिकाच व्हायचं म्हणते, नोकरी नको म्हणते. दिवसभर माडीवरच्या खोलीत दार लावून कथा लिहिते. चतुर्थीला चाकरमानी आले, घर भरलं, तरी आरतीपुरती खाली आली आणि पुन्हा वर गेली. हाक मारली की 'माका जरा एकट्याक रवांदे' म्हणते. ती एकलकोंडी होतेय का, नोकरीला लावू की स्थळं बघू, असं तुम्ही विचारलंय.

लिहिणाऱ्याला एकांत लागतो, तो नखरा नव्हे. एखादा प्रसंग मनात जुळत असताना 'गॅस बंद कर गो' एवढी हाक आली तरी तो निसटतो, आणि पुन्हा तिथवर यायला बराच वेळ जातो. तुम्हाला ती नुसती बसलेली दिसते, पण तेव्हाच तिचं काम चाललेलं असतं. म्हणून घरात वेळ ठरवून टाका. समजा, सकाळी सहा ते आठ. त्या वेळात हाक नाही, फोन नाही, पाण्याच्या मोटरची आठवण नाही. घरातल्या सगळ्यांनी हे पाळायचं.

पण सबंध दिवस दार बंद, हे मला पटत नाही. कथेतली माणसं बोलणार कशी, हे खोलीत बसून कळत नाही. तुमच्याच मुलखातला दशावतार घ्या. त्याची संहिता लिहिलेली नसते. कथानक आधी ठरतं आणि संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. राजा आणि राक्षस शब्दाला शब्द भिडवतात, समोरचा काय बोलला ते नीट ऐकल्याशिवाय पुढचं वाक्य सुचतच नाही. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की तिला रात्रभर पुढे बसून ऐकू दे. जमलं तर नट स्वतःचं तोंड रंगवत असतात तिथेही थोडा वेळ जाऊ दे. संवाद लिहिण्याचं याहून चांगलं शिक्षण मला तरी माहीत नाही.

आता नोकरी. नुसत्या मराठी कथांवर घर चालेल असं मी तिला सांगणार नाही. श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत होते आणि कादंबऱ्या दापोलीकडच्या माणसांच्या लिहीत होते. शेजारच्या कुडाळात चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे आरती प्रभू, खानावळ चालवत होते. ती काही नीट चालली नाही, ते पुढे मुंबईला गेले; पण त्यांची कविता त्या खानावळीच्या दिवसांतही थांबली नव्हती. तुमच्या मुलीने ग्रंथालयशास्त्राची पदवी करावी असं मला वाटतं. बी.ए.नंतर एका वर्षाचा अभ्यासक्रम असतो. शाळा-कॉलेजांतल्या जागा कमी निघतात, हे धरूनच चला. सोबत भाषांतराचा सराव ठेवावा. वाचनालयात पुस्तकंही असतात आणि पेपर वाचायला येऊन गावच्या गजाली सांगणारे म्हातारेही. बी.एड.ला माझा विरोध नाही, पण शाळेतून आल्यावर वह्या तपासायच्या असतात आणि तिची लिहिण्याची वेळ त्यात जाईल.

एक गोष्ट मात्र जरूर बघा. ती दार उघडते तेव्हा हाती लिहिलेली पानं असतात का? जेवण, झोप ठीक आहे का? एखादी तरी मैत्रीण आहे का? लिहिणंही थांबलं असेल आणि आठवडेच्या आठवडे ती गप्प असेल, तर करिअरचा विचार बाजूला ठेवा आणि तिला डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर, १४४१६ या नंबरावर, फुकट बोलता येतं, मराठीतही.

राहता राहिला स्थळांचा प्रश्न. तो मला नका विचारू ताई, तिला विचारा, सकाळचे आठ वाजून गेल्यावर.