पँट वर ओढणं, शेवटच्या पायरीपासून

प्रिय नव्या सहकाऱ्यास,

बहुविकलांग (एकाहून जास्त अपंगत्व असलेल्या) मुलांना शिकवायच्या कामांच्या तुझ्या यादीत जेवण, दात, अंघोळ, कपडे सगळंच आहे. सध्या एकच घे: पँट वर ओढणं. शौचालयात ते दिवसातून चार-पाच वेळा करावंच लागतं, त्यामुळे सरावासाठी वेगळा तास काढावा लागत नाही. बाहुलीला पँट घालून शिकवलेलं शौचालयात उपयोगी पडेलच असं नाही.

पँट एक माप मोठी, सैल इलॅस्टिकची. चेन-बटण नंतर. मुलाची पाठ भिंतीला टेकव किंवा एक हात आडव्या दांडीवर दे. तोल सांभाळण्यातच ताकद गेली तर ओढायला उरत नाही. एक बाजू कमजोर असेल तर घालताना तो पाय आधी, काढताना चांगला पाय आधी.

आता उलटं चाल. पँट कमरेखाली चार बोटांवर आणून थांब. शेवटची ओढ मुलाची. ती सलग तीन दिवस मदतीशिवाय जमली की मांडीपासून, मग गुडघ्यापासून. काम दर वेळी त्याच्याच हातून पुरं होतं.

अडकते ती मागे. दोन्ही हात बाजूला धरून ओढलं की पुढचा भाग वर येतो, मागचा नितंबाखाली राहतो. म्हणून एक हात मागे, अंगठा आत, बोटं बाहेर. मागे मधोमध जाड नाडीचा फास शिवून घे. बोट अडकवता येतं, आणि न दिसणाऱ्या मुलाला मागची बाजूही कळते.

मदत मागून कर. समोरून केलीस तर तुझ्या हातांची दिशा उलटी पडते. न दिसणाऱ्या मुलाचा हात वरून पकडू नकोस, तुझा हात त्याच्या हाताखाली ठेव. इशारा दिल्यावर मनात दहा आकडे मोज. सेरेब्रल पाल्सीत (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असतो) हालचाल सुरू व्हायला बऱ्याचदा वेळ लागतो. आणि ‘ओढ, ओढ’ म्हणणं टाळ. स्पर्श मनगटावरून कोपरावर, कोपरावरून खांद्यावर नेत कमी करता येतो. बोलण्याची सवय मात्र सुटता सुटत नाही, मुलाचीही आणि आपलीही.

तारीख, पायरी, किती मदत लागली, एवढंच वहीत लिही. घरीही हाच क्रम हवा, नाहीतर सकाळच्या घाईत पालक पँट सरळ वर चढवतात.

दोन आठवडे एकाच पायरीवर अडलं, तर मुलाकडे बोट दाखवण्याआधी पँट तपास. धुऊन आटली असेल, किंवा आतला डायपर जाड असेल.