कापसाचा बर्फ, कागदाची हिमफुलं : थंडीतल्या प्रश्नांची उत्तरं

या महिन्याच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. सकाळी अंगात शिरणारा गारठा, घरात कोंडलेली मुलं आणि मोबाईलवर बर्फाळ देशांतल्या हस्तकलेचे व्हिडिओ. यातलं खान्देशात काय जमेल, असं बहुतेकींनी विचारलंय. आमचं म्हणणं एवढंच, की बर्फाची नक्कल थोडी करा आणि आपल्या कोरड्या थंडीतच जे साधतं ते जास्त करा. फेब्रुवारी सरला की ही हवा हाती राहत नाही.

माझा सात वर्षांचा मुलगा रोज विचारतो, ‘माय, आपलाकडे बरफ काबर नही पडस?’ सातपुड्यातल्या डाबला बर्फ पडल्याची बातमी येते, मग धुळ्यात का नाही? त्याला घरी काही करून दाखवता येईल का? (एक वाचक, धुळे)

ताई, सातपुड्यात डाब परिसरात दिसतं ते गोठलेलं दव. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन आणि गवत आपली ऊब वर सोडून देतात आणि हवेपेक्षाही गार होतात. त्यामुळे हवेचं तापमान दोन-तीन अंश असतानाही पायाखालचं गवत शून्याखाली गेलेलं असू शकतं. मग गवतावर, गाडीच्या टपावर पांढरा थर धरतो. बर्फाचं तसं नाही. तो ढगातच तयार होतो आणि जमिनीपर्यंत न वितळता पोचायला मधली हवाही गारच लागते. आपल्या हिवाळ्यात मुळात आभाळ मोकळं. ढग आले तर रात्र उलट उबदार होते. शेतात हरभरा असेल तर ढगाळ हवेने अळी पडेल ही धास्ती मुलाने ऐकलेलीच असेल, तिथूनच समजावायला सुरुवात करा.

आता प्रयोग. स्टीलचा एक उंच पेला बाहेरून कोरडा पुसून घ्या. त्यात दोन वाट्या कुटलेला बर्फ आणि अर्धी वाटी खडेमीठ घालून लाकडी काडीने मिनिटभर ढवळा. मिठामुळे बर्फ शून्याच्या बराच खाली वितळतो आणि वितळताना पेल्याची ऊब ओढून घेतो. पाच-दहा मिनिटांत पेल्याच्या बाहेरच्या बाजूला पांढरी खरखरीत साय धरायला लागते. नुसता बर्फ घातला तर फक्त पाण्याचे थेंब येतात. शेजारी असा बिनमिठाचा पेलाही ठेवा म्हणजे फरक दिसेल. आपली हवा कोरडी असल्याने थर पातळ येतो, म्हणून पेल्यावर दोन-तीनदा तोंडाची वाफ सोडा किंवा पेला ओल्या फडक्यावर ठेवा. फडकं तळाला चिकटून बसतं, मुलांना तेच जास्त आवडतं. पेला उघड्या हाताने धरून ठेवू देऊ नका, गारठ्यानेही कातडी भाजते.

कागदाची हिमफुलं कापते, पण कधी आठ टोकांची होतात तर कधी उलगडताना तुकडेच हातात येतात. (एक वाचक, अमळनेर)

आठ टोकं येतात ती घडीमुळे. चौकोनाची घडी अर्धी, पाव, अष्टमांश अशी करत गेलं की आठच टोकं येणार. हिमफूल सहा टोकांचं, म्हणून घडीत एकदा तीन भाग करावे लागतात.

पंधरा सेंटिमीटरचा चौकोन घ्या आणि कर्णावर दुमडा. त्रिकोणाची लांब, दुमडलेली बाजू आपल्याकडे ठेवा आणि तिच्या मध्यावर पेन्सिलने ठिपका द्या. त्या ठिपक्यापासून उजवा भाग डावीकडे आणि डावा भाग उजवीकडे असा दुमडा की तिन्ही भाग सारखे, प्रत्येकी ६० अंशांचे होतील. इथे घाई केली की पुढे सगळं बिघडतं. दोन्ही कडा एकमेकींवर नीट जुळल्या की मगच नखाने घडी दाबा. मग हा निमुळता तुकडा मधोमध उभा दुमडा. आता बारा पदर झाले. वरची शेपटं तिरकी कापून टाका आणि दोन्ही बाजूंनी लहान त्रिकोण, अर्धगोल कापा. समोरासमोरचे काप एकमेकांना भिडले की तुकडे पडतात. दोन कापांमध्ये निदान अर्धा सेंटिमीटर कागद ठेवा आणि खालचं टोक जास्त छाटू नका.

वहीचा कागद बारा पदरांत लहान मुलांच्या बोथट कात्रीला कापत नाही. संक्रांतीच्या सुमारास पतंगाचा कागद मिळतो, तो उत्तम. उलगडताना मात्र सावकाश. सुरकुत्या घालवायला वर्तमानपत्राच्या दोन पानांमध्ये ठेवून कोमट इस्त्री फिरवा.

‘सहाच का?’ असं मुलं विचारतीलच. बर्फ होताना पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात, म्हणून. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातले शेतकरी विल्सन बेंटली यांनी १५ जानेवारी १८८५ रोजी हिमफुलाचा पहिला सूक्ष्मदर्शी फोटो काढला आणि पुढे आयुष्यभरात पाच हजारांहून जास्त काढले. जपानच्या होक्काइदोत उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये सशाच्या केसाच्या टोकावर प्रयोगशाळेत हिमस्फटिक वाढवला. मोठ्या मुलांना हे सांगा, लहानांना कात्रीच पुरते.

घरात वेचलेला कापूस पडलाय. त्याचा बर्फ करून चित्र चिकटवलं तर खळ लागतच नाही, गोळे सुटून पडतात. खळीचं मापही सांगा. (एक वाचक, चोपडा)

कच्च्या कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेणाचा थर असतो. पाणी तो आत घेत नाही, मग पाण्यातली खळ कशी घेणार? औषधाच्या दुकानातला कापूस मेण काढून शुभ्र केलेला असतो, म्हणून तो लगेच भिजतो. मुलांसमोर दोन वाट्यांत पाणी घेऊन दोन्ही कापसांचा एकेक पुंजका सोडा. घरचा तरंगत राहील, दुकानातला बुडेल.

चिकटवताना खळ कापसाला न लावता पुठ्ठ्याला लावा, तीही जाडसर. मग कोरड्या बोटांनी पुंजका ओढून, विरळ करून वर टेकवा. दाबायचं नाही, दाबला की बर्फाचा चिखल दिसतो. त्याआधी सरकी आणि पानाचा कचरा काढून घ्या. हे काम चार वर्षांच्या मुलालाही जमतं आणि त्यात तो बराच वेळ रमतो, पण सरकी नाका-तोंडात जाणार नाही इकडे लक्ष हवं.

खळीचं माप विचारलंय ते असं: मैदा एक वाटी आणि पाणी पाच वाट्या. मैदा आधी एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग उरलेल्या उकळत्या पाण्यात धार धरून ओता आणि तकाकी येईपर्यंत मंद आचेवर ढवळा. कीड लागू नये म्हणून पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे, मुलं हाताळणार असतील तर अजिबात नको. चिमूटभर तुरटी चालते.

पऱ्हाटीवरची रिकामी बोंडंही टाकू नका. वाळून उमललेलं बोंड चार-पाच पाकळ्यांचं चांदणीसारखं असतं. टोकं बोचतात, ती कानशीने किंवा घासकागदाने आधी बोथट करा. पांढरा पोस्टर कलर देऊन दोऱ्याने टांगलं की झालं. कापसाचं काहीही देव्हाऱ्यातल्या दिव्यापासून आणि शेगडीपासून लांब टांगा.

थर्माकोलचे दाणे उधळून बर्फ करावा का? (एक वाचक, नंदुरबार)

नको. कोरड्या हवेत ते स्थिर विजेने अंगाला, पडद्यांना, मांजराला चिकटतात, केरसुणीपुढे पळतात आणि लहान मूल एखादा नाकात घालतं. त्यापेक्षा एक पाकीट खायचा सोडा परातीत ओता आणि एकेक चमचा पाणी घालत मुठीत गोळा धरेपर्यंत कालवा. हाताला गार लागतो, दिसतोही बर्फासारखा. डोळ्यात गेला तर चुरचुरतो, म्हणून उधळायचा नाही.

व्हिडिओत टाकणखाराच्या (बोरॅक्सच्या) पाण्यात लोकरीची चांदणी ठेवून रात्रीतून स्फटिक धरवतात. मुलांसोबत करू का? (एक वाचक, भुसावळ)

टाकणखार पोटात गेला तर अपाय करतो, म्हणून लहान मुलांच्या हाती तो देऊच नये. हेच काम तुरटी करते. शंभर मिलिलिटर कडकडीत पाण्यात चाळीस-पन्नास ग्रॅम तुरटीची पूड विरघळवा. हे काम मोठ्यांचं. पाणी पातळ फडक्यातून गाळून काचेच्या बरणीत ओता. तारेला लोकर गुंडाळून केलेली चांदणी काडीला बांधून पाण्यात सोडा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. पाणी गार होत जातं तशी त्यात मावेनाशी झालेली तुरटी लोकरीच्या कुसांवर बसते. भराभर गार झालं तर बारीक रवाळ स्फटिक येतात, बरणी टॉवेलात गुंडाळून सावकाश गार होऊ दिली तर मोठे, पैलूदार. आपल्याकडची थंडीतली रात्र यासाठी अगदी योग्य. सकाळी काहीच धरलं नसेल तर तुरटी कमी पडली असं समजा. तेच पाणी गरम करून आणखी घाला. ही चांदणीही चाटायची नाही, हात धुवायचे.

यंदा बाळाचं पहिलं बोरन्हाण. हलवा घरी करून मोठ्या मुलीकडून दागिने करून घ्यायचेत. हलव्याला काटा येत नाही, आणि चिकटवलेले दाणे पाझरतात. (एक वाचक, जळगाव)

हलव्याचा काटा म्हणजे साखरेचे स्फटिक. तो यायला भोवतालची हवा गार आणि कोरडी लागते, म्हणून जुन्या बायका भल्या पहाटे हलव्याला बसत. दुपारी बसलात तर काटा रुसणारच.

एक वाटी साखर आणि अर्धी वाटी पाण्याचा पाक करा. उकळी आली की चमचाभर दूध घाला, मळी वर येते, ती काढून पाक गाळून घ्या. पाक एकतारीच्या जरा अलीकडे ठेवा. जाड बुडाच्या पसरट भांड्यात दोन मोठे चमचे पॉलिश केलेले तीळ अगदी मंद आचेवर कोमट करा. त्यावर अर्धा लहान चमचा पाक घाला आणि बोटांच्या टोकांनी हलक्या हाताने सतत फिरवत राहा. तो पूर्ण सुकला, दाणे सुटे झाले, की पुढचा अर्धा चमचा. पाक एकदम जास्त पडला तर तिळाचे गोळे होतात. आच वाढली तर साखरेची नुसती भुकटी उडते, दाणा गुळगुळीत राहतो आणि पिवळा पडतो. पाक मध्येच घट्ट झाला तर दोन चमचे गरम पाणी घालून सैल करा. एका बैठकीत काटा पुरा होत नाही. भांडं झाकून ठेवा आणि दुसऱ्या पहाटे पुढे चालू करा. दोन-तीन पहाटा धरूनच चाला. भांडं आणि पाक दोन्ही तापलेले असतात, मुलीला इथे नुसतं बघू द्या.

दागिने मात्र तिचे. पाझरण्याचं कारण डिंकातलं पाणी, ते साखर विरघळवतं. पातळ डिंक सपाट फासू नका. सोनेरी कागद लावलेल्या पुठ्ठ्यावर घट्ट डिंकाचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका ठेवा, तो किंचित सुकू द्या आणि मग दाणा टेकवा. माळेसाठी पांढऱ्या दुहेरी दोऱ्यात प्रत्येक दाण्याला गाठ मारा. काट्यात दोरा अडकून बसतो, गुळगुळीत दाण्यावरून घसरतो. तयार दागिने कागद घातलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, फ्रीजमध्ये नको, बाहेर काढताच ओल धरतात. डिंक लागलेला हलवा खायला देऊ नका. बाळाच्या गळ्यातली माळ फोटो झाला की उतरवा. आणि बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून ओतायला चुरमुरेच जास्त घ्या, बोरं ओंजळीभर पुरेत आणि तीही बाजूने सोडा.

मी मूळची शहाद्याची, सध्या कॅनडात. इथे खरा बर्फ आहे, पण मुलांचे गोळे वळत नाहीत आणि दहा मिनिटांत सगळे आत येतात. (एक वाचक)

गोळे वळायला बर्फ किंचित ओलसर लागतो, म्हणजे तापमान शून्याच्या आसपास हवं. उणे दहाला तो कोरडा, वाळूसारखा असतो. अशा दिवशी गोळ्यांचा नाद सोडून रंगवायला द्या: फवारणीच्या बाटलीत एक कप पाणी आणि खाण्याच्या रंगाचे आठ-दहा थेंब. हिमफुलं बघायची असतील तर काळं कापड वीस मिनिटं बाहेर ठेवून आधी गार करा. गरम कापडावर फूल टेकताच विरतं. भिंग धरताना श्वास बाजूला सोडायचा.

बर्फाचा दिवा जरूर करा. पाच लिटरच्या प्लास्टिकच्या बादलीत वर चार बोटं जागा ठेवून पाणी भरा आणि बादली साचलेल्या बर्फावर ठेवा. उणे दहाच्या रात्री वरून आणि कडेने बर्फ धरतो, खालून बर्फाची दुलई असल्याने तळ आणि मधला भाग पाणीच राहतो. सकाळी बादलीवर बाहेरून कोमट पाणी ओतून ती उलटी करा, तळाचा पातळ पापुद्रा फोडा, पाणी ओतून टाका आणि पोकळीत दिवा लावा. उशीर झाला तर सगळं गोठतं, आणि पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, त्यात बादली तडकते.

मुलं लवकर आत येतात ती बहुधा ओल्या हातमोज्यांमुळे. दुसरी कोरडी जोडी खिशात ठेवा.

केळीच्या दांड्याचे ठसे छान उठतात असं ऐकलं. आमच्याकडे दांड्यांना तोटा नाही. (एक वाचक, रावेर)

उठतात. पानाचा जाड देठ आडवा कापला की आत हवेच्या कप्प्यांची जाळी दिसते. गडद निळ्या कागदावर पांढऱ्या रंगात ती गोठलेल्या खिडकीसारखी उमटते. देठाचा बोटभर लांब तुकडा धारदार सुरीने एका झटक्यात सरळ कापा, करवतलात तर जाळी चेंबते. कापलेली बाजू खाली करून पाव तास निथळू द्या, धुवा, पुसा. रंग दह्याइतका घट्ट घ्या आणि स्पंजच्या तुकड्यावर पसरून त्यावर ठसा टेकवा. थेट वाटीत बुडवला तर कप्पे भरून नुसता डाग उठतो. तासाभराने कड काळवंडून मऊ पडते, तेव्हा अर्धा सेंटिमीटर छाटली की ठसा पुन्हा नवा.

चिकाचं मात्र सांभाळा. तो आधी दिसत नाही, वाळल्यावर तपकिरी होतो आणि कपड्यावरून निघत नाही. हाताला खोबरेल लावून बसवा, आणि शाळेचा स्वेटर अंगावर असेल तर आधी तो काढायला लावा.