सगळ्यांनी एकच प्रार्थना म्हणायची का?

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीत पृथ्वीसाठी अन् शांतीसाठी सर्वधर्म प्रार्थना ठेवायचं ठरलं, पण ग्रुपवर तीन दिवसांपासून नुसता वाद होऊन राह्यला. एकाचं म्हणणं सगळ्यांनी सगळ्या धर्मांच्या प्रार्थना म्हणाव्या, दोन घरं म्हणतात आम्हाला ते चालणार नाही, अन् माझा मुलगा विचारतो, प्रार्थनेनं नाग नदी साफ होते का? काय करू?
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : अहो, तुमच्या ग्रुपवरचा वाद जुनाच आहे. 1986 मध्ये इटलीतल्या असिसी गावात पोप जॉन पॉल दुसरे यांनी जगभरच्या धर्मगुरूंना शांतीसाठी बोलावलं, 27 ऑक्टोबरला, तेव्हाही हाच पेच होता. त्यांनी काय केलं तर गावात वेगवेगळ्या जागा दिल्या, ज्याने त्याने आपापल्या रीतीने प्रार्थना केली आणि मग सगळे एका ठिकाणी जमले. म्हणजे प्रार्थनेसाठी एकत्र यायचं, पण एकच प्रार्थना म्हणायची सक्ती नाही.

दुसरी रीत आपल्या शेजारीच आहे, वर्ध्याजवळ सेवाग्रामला. तिथे उघड्यावर सगळे एकत्र बसतात आणि एकाच प्रार्थनेत उपनिषदातला श्लोक, कुराणातली आयत, पारशी प्रार्थना सगळं येतं, आश्रमात राहिलेल्या एका जपानी भिक्षूमुळे जपानी बौद्ध मंत्रसुद्धा आला. मला स्वतःला ही जास्त आवडते, पण ती रोजच्या सहवासातून आलेली आहे हो, व्हॉट्सअपवर मतदान घेऊन नाही. तुमच्याकडे दोन घरं आधीच अवघडलीत तर असिसीवालीच धरा. प्रत्येकाने आपलं तीन-चार मिनिटं म्हणायचं, बाकीच्यांनी गप बसून ऐकायचं, शेवटी पाच मिनिटं मौन.

वेळ शनिवारी सकाळची ठेवा. शुक्रवारी दुपारी जुम्मा, रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा, सूर्यास्ताला मगरिबची नमाज, नंतर कोणी आलं नाही की आपणच म्हणतो बघा यांना इंटरेस्ट नाही. आणि बौद्ध घरांना 'तुमची प्रार्थना म्हणा' नका म्हणू, त्यांची वंदना असते, त्यात देवाजवळ मागणं नसतं, दीक्षाभूमीच्या गावात एवढं तर आपल्याला माहीत पाहिजे. गोंड कुटुंब असेल तर त्यांना आवर्जून बोलवा. बॅनरवर ठरलेली पाच-सहा चिन्हं छापली की आपल्याला वाटतं झाले सगळे धर्म, आणि ज्यांच्या राजाने, बख्त बुलंद शहाने, हे नागपूर वसवलं तेच राहून जातात. निसर्गाला देव मानणारी माणसं पृथ्वीच्या प्रार्थनेत नाहीत, हे जरा जास्तच झालं.

आता मुलाचं. नाही होत साफ, सरळ सांगून टाका. पण त्याला हेही सांगा की त्याच असिसीत त्याच वर्षी, महिनाभर आधी, सप्टेंबरात, डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव संस्थेला 25 वर्षं झाली म्हणून पाच धर्मांची मंडळी जमली होती, हिंदू, बौद्ध, ख्रिश्चन, मुस्लिम, ज्यू, आणि प्रत्येकाने आपापल्या धर्मात निसर्गाबद्दल माणसाची जबाबदारी काय सांगितलीय ते लिहून दिलं. तसंच तुम्ही करा की, प्रत्येक घराने एक काम कागदावर लिहायचं, निर्माल्य नदीत टाकणार नाही असं साधं चालेल, आणि तो कागद लिफ्टजवळ लावायचा, वर्षभर. वसुली तुमच्या मुलाकडे द्या, प्रश्न त्यानेच काढलाय.

आणि नंतरचा चहा कागदी कपात नको, ज्याने त्याने घरून स्टीलचा आणायचा.