वाचक विचारतात: माठाला थापट्या कशासाठी?

प्रश्न: आमच्या गावचे कुंभारकाका चाकावरून काढलेला माठ पुन्हा लाकडी थापीने बडवत बसतात, तो फुटत कसा नाही? आणि संत गोरोबाकाकांचं थापटणं ते हेच का?

उत्तर: हो, तेच! चाकावर फक्त गळा आणि जाडजूड भिंती होतात, बूड तर बऱ्याचदा उघडंच असतं. मग माठ थोडा सुकला, म्हणजे ना ओला ना कोरडा, की आतून दगडी गोळ्याचा आधार द्यायचा आणि बाहेरून थापी मारत फिरवायचा, तशी भिंत पातळ होते, पोट फुगतं आणि बूड मिटतं. खरं कसब इथेच आहे, पण व्हिडिओवाले चाकाचंच शूटिंग करून निघून जातात!

तेरच्या गोरोबांनी संतांची डोकी याच थापटण्याने तपासली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं अशी कथा आहे, भाजलेलं मडकं वाजवून बघतात ना, तसंच.

मातीत लीद किंवा राख मिसळतात, लीद भट्टीत जळते आणि बारीक छिद्रं राहतात, त्यातून पाणी पाझरून वाळतं म्हणून गारवा. त्यामुळे माठाला बाहेरून ऑइलपेंट लावू नका प्लीज, आणि कोकणातल्या दमट हवेत तो विदर्भाइतका गार होत नाही म्हणून कुंभाराशी भांडूही नका.