दारू सुटली, पण आता जगायचं कशासाठी? ख्रिस्ती विश्वासातून उद्देश कसा सापडतो?

तुम्ही लिहिलंय की चार महिने दारू बंद आहे, दर रविवारी घणसोलीहून उपासनेला जाता, नोकरी आणि पत दोन्ही गेलीय, आणि देवाने वाचवलं ते कशासाठी हे कळत नाही.

चार महिन्यांत कळायचंही नाही. आणि ‘तुमची साक्ष (देवाने कसं वाचवलं ते सगळ्यांसमोर सांगणं) हाच तुमचा उद्देश’ म्हणत कुणी हातात माईक देत असेल, तर तो परत करा. या माईकवरून माझं मंडळीतल्या एका वडिलांशी, म्हणजे एल्डरशी, कायम वाजतं. ते म्हणतात, साक्षीने लोक जोडले जातात. जात असतील. पण रविवारी टाळ्या घेतलेला माणूस सोमवारी संध्याकाळी एकटाच असतो. तो घसरला, की लाजेने ना चर्चला येतो, ना एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंगला. वर्षभर तरी स्टेजवर चढू नका.

योहान २१ वाचा. पेत्राने तीनदा येशूला नाकारलं ते कोळशाच्या विस्तवापाशी. पुढे किनाऱ्यावर येशू त्याला भेटतो, तेव्हाही तसाच विस्तव पेटलेला असतो. आधी मासळी-भाकरीची न्याहारी, मग तीनदा एकच प्रश्न, ‘माझ्यावर प्रेम करतोस का?’, आणि तीनदा काम मिळतं ते मेंढरं सांभाळायचं. इथे ते एल्डर हटकून पेंटेकॉस्ट (शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो दिवस) काढतात, की थोड्याच आठवड्यांत पेत्र बोलला आणि ३००० लोक आले! मान्य, पण पेत्र डायसल्फिरामवर, म्हणजे दारू घेतली की त्रास होतो त्या दारू सोडवण्याच्या गोळीवर, नव्हता.

ही गोळी चालू असेल तर प्रभुभोजनाचं बघा. काही मंडळ्यांत साधा द्राक्षरस असतो, काहींत खरी वाईन, त्यामुळे कप उचलण्याआधी पाळकांना विचारा. कॅथलिक असाल तर नुसती होस्तिया (पवित्र भाकर) घ्या, कम्युनियन तेवढ्यानेही पूर्ण होतं. फादर ती वाईनमध्ये बुडवून देत असतील तर आधीच सांगून ठेवा. थोड्याशा दारूनेही चेहरा लालबुंद होणं, धडधड, उलट्या, बीपी उतरणं असं होऊ शकतं, आणि गोळी थांबवल्यावरही १४ दिवसांपर्यंत हा धोका राहतो. खोकल्याच्या काही औषधांतही अल्कोहोल असतं. ‘विश्वास आहे तर गोळी कशाला’ म्हणणाऱ्याला विचारा, मग तुमची बीपीची गोळी कशाला?

उद्देशाचं म्हणाल तर ठरलेल्या वेळेचं एक छोटं काम धरा. मीटिंगच्या अर्धा तास आधी जाऊन खुर्च्या लावा, चहा टाका, नंतर कप विसळा. संध्याकाळी सात ते नऊ ही पूर्वी बारची वेळ, तीच बांधली गेली पाहिजे. शिवाय तुम्ही आला नाहीत, की चहा अडतो आणि कुणीतरी फोन करतं. एए ख्रिस्ती नाही म्हणून नाक मुरडणारेही भेटतील. १९३५ मध्ये एए सुरू झालं ते ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीतूनच, हे त्यांना सांगा.

दुसरं म्हणजे देणी. वहीत नाव, रक्कम, कधी घेतली, एवढंच लिहा. बायबलमधल्या जक्कय या श्रीमंत जकातदाराने चौपट परत करतो म्हटलं खरं, पण त्याच्याकडे पैसा होता. तुम्ही वाण्याचे महिन्याला ५०० फेडा, तारीख चुकवू नका. माफी मागायच्या यादीत मात्र घाई नको. बायकोला नवं दुःख देऊन स्वतःचं मन हलकं करणं ही भरपाई नव्हे. एएच्या बारा पायऱ्यांतली नववी पायरीच सांगते, की भरपाईने कुणाला इजा होणार असेल तर ती करायची नाही. आधी स्पॉन्सरशी, म्हणजे तुम्हाला वाट दाखवणाऱ्या एएच्या जुन्या सदस्याशी, बोला.

हो, एक राहिलंच. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली किंवा मरणाचे विचार आले, तर हा विश्वासाचा प्रश्न समजू नका. मानसोपचारतज्ज्ञ गाठा, नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. घसरलात तर रोज प्यायला लागल्यावर घरच्या घरी एकदम बंद करू नका, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते.

बाकी, खुर्च्या कोण लावतं हे येत्या मीटिंगलाच विचारा. बहुतेक ठिकाणी एकटा माणूस लावत असतो आणि कंटाळलेला असतो.