नऊ मिमीची कार्बाइन आणि परवडणारी नेमबाजी : वाचकांचे प्रश्न

माझ्याकडे ग्लॉक १७ पिस्तूल आहे आणि महिन्यातून दोनदा रेंजवर जाणं होतं. आता खांद्याला लावून मारायची रायफल हवी आहे, पण .२२३च्या (रायफलीच्या नेहमीच्या काडतुसाच्या) गोळ्यांचा खर्च झेपत नाही. दुकानात पिस्तुलाच्या गोळीवर चालणारी कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, सुचवली. किमती तीनशे डॉलरपासून दोन हजारांच्या पुढे आहेत. यातली कोणती घ्यावी?
— एक वाचक, ह्यूस्टन

आधी मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) ठरवा, बंदूक नंतर. या छंदात पैसा बंदुकीवर एकदाच जातो, गोळ्यांवर आणि मॅगझिनवर मात्र जात राहतो. तुमच्याकडे ग्लॉकची मॅगझिनं आहेतच, म्हणून तीच घेणारी कार्बाइन पाहा.

रुगर पीसी कार्बाइन २०१७च्या अखेरीस बाजारात आली. तिच्या मॅगझिनचा कप्पा बदलता येतो. मूळ मॉडेलमध्ये रुगरच्या स्वतःच्या मॅगझिनचा कप्पा बसवलेला असतो आणि ग्लॉकचा खोक्यात वेगळा मिळतो. वजन सुमारे ६.८ पौंड, नळी सोळा इंचांहून किंचित जास्त, आणि नळी फिरवून बंदुकीचे दोन भाग करता येतात. बोल्ट (काडतुसामागून नळी बंद करणारा सरकता भाग) मागे ओढायचा दांडा आणि मॅगझिन सोडायचं बटण डाव्या बाजूला हलवता येतं, म्हणजे डावखुऱ्यांचीही सोय आहे. दस्त्याच्या मागे अर्ध्या अर्ध्या इंचाच्या तीन चकत्या असतात. बांधा लहान असेल तर त्या काढून दस्त्याची लांबी साडेबारा इंचांच्या आसपास आणता येते. ही गोष्ट दुकानात दुर्लक्षित राहते, पण लांब दस्ता गालाशी नीट बसत नाही आणि मग नेम दर वेळी वेगळा लागतो. घरातली दोन वेगळ्या उंचीची माणसं एकच बंदूक वापरणार असतील, तर या चकत्यांसाठीच ती घ्यावी.

केल-टेक सब-२००० स्वस्त आहे, चार पौंडांच्या थोडी वर भरते आणि मधोमध दुमडते. ती ठरावीक मॅगझिनसाठीच बनलेली असते, त्यामुळे घेताना ग्लॉकचीच आवृत्ती मागा. हलकी असल्याने धक्का जाणवतो. जुन्या आवृत्त्यांवर रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी साइट) बसवला की ती दुमडत नाही. तिसऱ्या पिढीत पुढचा भाग फिरवून ही अडचण काढली आहे. स्मिथ अँड वेसनची एफपीसी (२०२३) आडवी दुमडते, पण तिला एम अँड पी पिस्तुलाचीच मॅगझिनं लागतात. ते पिस्तूल असणाऱ्यांना ती उत्तम, तुम्हाला नाही. हाय-पॉइंट ९९५ सर्वांत स्वस्त. ती चालते, पण तिचं मॅगझिन दहा गोळ्यांचं आणि फक्त तिचंच. दोन हजारांच्या पुढची सिग एमपीएक्स वेळ मोजून होणाऱ्या स्पर्धांसाठी सुंदर आहे. महिन्यातून दोनदा कागदावर नेम धरायला तेवढा खर्च करण्याचं कारण नाही. आमचं मत : रुगर घ्या आणि वाचलेल्या पैशांच्या गोळ्या घ्या.

आता गोळ्यांचा हिशोब. भाव सतत हलतात. २०२०-२१ मध्ये तर ते अनेक पटींनी चढले होते. साध्या दिवसांत ढोबळमानाने नऊ मिमीची गोळी २५ सेंट, .२२३ची ५० सेंट आणि .२२ लाँग रायफलची आठ-दहा सेंट धरा. महिन्याला २०० गोळ्या झाडल्या तर अनुक्रमे ५०, १०० आणि १६ ते २० डॉलर. खर्च हीच एकमेव अडचण असेल, तर .२२वर चालणारी, १९६४पासून बनत असलेली रुगर १०/२२ या हिशोबात नऊ मिमीच्या कार्बाइनला सहज हरवते. नऊ मिमीची कार्बाइन घ्यावी ती दोन कारणांसाठी : पिस्तूल आणि रायफल एकाच गोळीवर आणि एकाच मॅगझिनवर चालतात, आणि .२२३ला मनाई करणाऱ्या बऱ्याच इनडोअर रेंजवर ती चालते. तुम्हाला पहिलं कारण तर नक्कीच लागू आहे.

गोळी पिस्तुलाची, बंदूक सात पौंडांची. तरी एआर (एआर-१५ रायफल) पद्धतीच्या नऊ मिमी कार्बाइनचा धक्का .२२३च्या रायफलीइतकाच का वाटला? काही बिघाड आहे का?
— एक वाचक, डॅलस

बिघाड नाही. .२२३च्या एआरमध्ये बोल्ट फिरून कुलूपबंद होतो आणि दाब उतरल्यावरच उघडतो. स्वस्त नऊ मिमी कार्बाइन ‘ब्लोबॅक’ तत्त्वावर चालतात. त्यांत कुलूपच नसतं. गोळी नळीबाहेर पडेपर्यंत बोल्टचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच तो बंद राहतो. म्हणून बोल्ट जड करावा लागतो. एआर पद्धतीच्या कार्बाइनमध्ये बोल्ट आणि बफर (बोल्टमागे दस्त्यात सरकणारं वजन) मिळून सहाशे ग्रॅमच्या आसपास भरतात. तेवढं लोखंड मागे येऊन थडकतं आणि परत पुढे जाऊन आदळतं. खांद्याला जाणवतो तो गोळीपेक्षा जास्त या वजनाचा हेलकावा, आणि त्यामुळेच डॉट लक्ष्यावरून उडतो.

उपाय म्हणून बोल्टचं किंवा बफरचं वजन मनाने कमी करू नका. बोल्ट लवकर उघडला तर काडतुसाची पितळी भिंत आधाराविना फाटते आणि गरम वायू तुमच्या चेहऱ्याकडे येतो. बनवणाऱ्याने सांगितलेला जड बफर बसवता येतो. रुगरने बोल्टमध्येच टंगस्टनचं सरकतं वजन ठेवलं आहे, ते आदळण्याचा झटका खातं. सीएमएमजी कंपनीच्या रेडियल डिलेड पद्धतीत बोल्ट उघडायला उशीर होतो, म्हणून तो हलका ठेवता येतो. एमपीएक्स गॅसवर चालते. दोन्ही मऊ, दोन्ही महाग.

रेड डॉट बसवला आहे. नेम किती यार्डांवर जुळवू? पोलादी लक्ष्यांवर किती जवळून मारता येतं?
— एक वाचक, फिनिक्स

आधी २५ यार्डांवर, टेबलावर पिशवीचा आधार घेऊन. पाच गोळ्या मारा, पाचांचा मध्य काढा, मगच स्क्रू फिरवा. एकेका गोळीमागे धावलात तर खोकं संपेल आणि नेम तिथेच राहील. एक क्लिक १ एमओएचा (एमओए म्हणजे कोनाचं माप, १०० यार्डांवर सुमारे एक इंच) असेल तर २५ यार्डांवर तो पाव इंच सरकवतो, म्हणजे एका इंचाला चार क्लिक. काही साइट्सचा क्लिक अर्ध्या एमओएचा असतो, माहितीपत्रक पाहून घ्या. मग ५० यार्डांवर पक्कं करा.

११५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सोळा इंची नळीतून पिस्तुलापेक्षा साधारण दहा टक्के जास्त वेगाने निघते, पण ती रायफलीची गोळी होत नाही. ५० यार्डांवर जुळवलेली बंदूक १०० यार्डांवर पाच-साडेपाच इंच खाली मारते. उलट सात यार्डांवर, डॉट नळीपासून दोन इंच वर असेल तर, गोळी दीड इंच खाली लागते. जवळचं लहान लक्ष्य चुकलं की साइट सैल झाली असं समजून पुन्हा स्क्रू फिरवले जातात. तसं करू नका, डॉट थोडा वर धरा.

पोलाद एआर ५०० या कठीण प्रतीचं हवं (या एआरचा रायफलीशी संबंध नाही), पृष्ठभाग सपाट, पाटी किंचित पुढे झुकलेली. दहा यार्डांच्या आत येऊ नका. पाटीवर खड्डा किंवा दुमडलेली कड दिसली तर ती बाद करा, कारण तुकडे तिथूनच उलटे येतात. डोळ्यांना चष्मा प्रेक्षकांनाही हवा. .२२३साठी हे अंतर चालत नाही, ती गोळी जवळून पोलादात खड्डे पाडते. त्याला शंभर यार्ड लागतात.

मी एच-१बी व्हिसावर आहे, पत्नीकडे ग्रीन कार्ड आहे. आई-बाबा उन्हाळ्यात येणार आहेत. तिच्या नावावर बंदूक घेऊन सगळ्यांनी रेंजवर गेलं तर चालेल का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

असं करू नका. हे उत्तर कृपया दोनदा वाचा.

नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगण्याला १९९८पासून केंद्रीय कायद्याने मनाई आहे. एच-१बी, एल-१, एफ-१ आणि आई-बाबांचा बी-२, सगळे यात येतात. रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूक हातात धरणं हेही बाळगणंच. कायद्यात काही अपवाद आहेत. तुमच्या उपयोगी पडेल असा नेहमीचा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. तो प्रत्येकाचा स्वतःचा लागतो. मुलाच्या परवान्यावर बाबांना बंदूक धरता येत नाही.

पत्नी स्वतःसाठी बंदूक घेऊ शकते. तुमच्यासाठी म्हणून तिने विकत घेऊन फॉर्म ४४७३वर (दुकानात भरायच्या केंद्रीय खरेदी-फॉर्मवर) ‘मीच खरी खरेदीदार’ असं लिहिलं तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. घरात बंदूक असेल तर तिजोरीची किल्ली किंवा आकडा तुमच्याकडे असणंही अडचणीत आणू शकतं. शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरल्यास देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, म्हणून पुढचं पाऊल इमिग्रेशन वकिलाला विचारूनच टाका. न्यू जर्सीत पत्नीलाही आधी पोलिसांकडून फायरआर्म्स पर्चेसर कार्ड काढावं लागेल, आणि मॅगझिनची मर्यादा दहा गोळ्यांची आहे. रुगर दहाच्या मॅगझिनची आणि आटे नसलेल्या नळीची आवृत्ती बनवते, तिथे तीच मागा.

कोल्हापुरात अशी कार्बाइन मिळेल का?
— एक वाचक

नाही. नऊ मिमी भारतात प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) आहे. तुमच्याकडे ४.५ मिमीची एअर रायफल आणि १० मीटरची रेंज हाच स्वस्त आणि सरळ रस्ता. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे तुमच्याच जिल्ह्यातला.

सब-२०००मध्ये दर खोक्याला दोन-तीन वेळा गोळी अडकते. काय तपासू?
— एक वाचक, अटलांटा

बंदूक उघडण्याआधी मॅगझिन तपासा. मॅगझिनांवर रंगाने क्रमांक टाका आणि कोणत्या क्रमांकावर अडकते ते लिहून ठेवा. एकाच क्रमांकावर येत असेल तर त्याची स्प्रिंग किंवा ओठ (गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) गेले आहेत. सगळ्यांत येत असेल तर गोळी बदला. पोकळ टोकाच्या आणि सपाट नाकाच्या गोळ्या काही कार्बाइनना आवडत नाहीत. ११५ किंवा १२४ ग्रेनची गोल टोकाची, पूर्ण तांब्याच्या आवरणाची गोळी घ्या. तिसरी शक्यता मळाची. ब्लोबॅकमध्ये धूर आणि काजळी मागे येते, मॅगझिनमध्येही उतरते. ३०० ते ५०० गोळ्यांनी चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) ब्रशने साफ करा, बोल्टचा चेहरा पुसा, आणि तेल सरकत्या भागांवर थेंबभरच लावा. बोल्ट पूर्ण बंद होत नसेल तर त्याला हाताने ढकलू नका. मॅगझिन काढा, गोळी बाहेर काढा आणि कारण शोधा.

चाप ओढल्यावर काहीच झालं नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा. नुसता ‘फट्’ असा दबका आवाज आला आणि धक्का लागला नाही, तर पुढची गोळी अजिबात मारू नका : आधीची नळीत अडकलेली असू शकते. बंदूक रिकामी करा आणि चेंबर रिकामा असल्याची खात्री करून नळीच्या तोंडाकडून सळई घालून पाहा. रेंजवर सळई नसेल तर त्या दिवशी बंदूक पिशवीत परत जाते.