वाचकांचे प्रश्न : ‘पहिल्याची सर नाही’

(‘नवरा माझा नवसाचा २’ आणि अशाच कौटुंबिक विनोदी चित्रपटांच्या पुढील भागांविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे दिली आहेत.)

प्रश्न : ‘नवरा माझा नवसाचा २’ आम्ही घरातल्या तीन पिढ्यांनी एकत्र पाहिला. सासूबाई पोट धरून हसल्या, मुलांनाही मजा आली. मी आणि यजमान मात्र ‘पहिल्याची सर नाही’ असे म्हणत बाहेर पडलो. घरात अजून वाद चालू आहे. बरोबर कोणाचे? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमचे मत मला समजते, पण त्यात दुसऱ्या भागावर थोडा अन्याय होतो. पहिला चित्रपट २००४ सालचा. आज चाळिशीत असलेल्या कित्येकांनी तो पुढे दूरचित्रवाणीवर पुन्हापुन्हा पाहिला आहे, आणि तोही जेवता जेवता, मधूनच सुरू करून, मधेच सोडून. अशा पाहण्यात रेंगाळणारे प्रसंग विस्मरणात जातात आणि हमखास हसवणारे तेवढे पाठ होतात. वीस वर्षे चाळणीतून निघालेली ही आठवण सोबत घेऊन आपण नव्या चित्रपटासमोर बसतो आणि पहिल्याच बैठकीत त्याने तेवढेच हसवावे अशी अपेक्षा धरतो. मुलांच्या मनात ही तुलना फारशी नव्हती आणि सासूबाईंनी ती बहुधा बाजूला ठेवली.

तरीही तुमची तक्रार निराधार नाही, आणि तिचे एक कारण मला प्रवासाच्या गाडीत दिसते. पहिल्या भागात मुंबईहून गणपतीपुळ्याला जाणारी एस.टी. होती. नवऱ्याला विवस्त्र देवदर्शनाला नेण्याचा राहून गेलेला नवस आणि तो फेडण्यासाठी बायकोने चालवलेला आटापिटा, ही चारचौघांत उच्चारता न येणारी गोष्ट नेमकी चारचौघांच्या गर्दीत घडत होती. एस.टी.त एकदा आसन धरले की पुढचे-मागचे प्रवासी मुक्कामापर्यंत सोबतीला असतात, कुजबुजलेले वाक्य तीन रांगांपर्यंत ऐकू जाते आणि कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. प्रहसनाला लागणारी कोंडी त्या वाहनातच तयार होती. दुसऱ्या भागातला प्रवास कोकण रेल्वेचा आहे. रेल्वेत डबे अनेक असतात, माणसे पांगतात, नको असलेल्या माणसापासून उठून दूर जाता येते. अशोक सराफ पहिल्या भागात कंडक्टर होते, दुसऱ्यात ते टी.सी. आहेत, कंडक्टर साऱ्या प्रवासभर सर्वांच्या डोक्यावर उभा असतो, तर टी.सी. तिकिटे तपासून पुढच्या डब्यात निघून जातो. अभिनेता तोच असला तरी त्याच्या भोवतीची पकड सैल झाली की हशाही विखुरतो. तुम्हाला जाणवलेली उणीव ही असावी. सासूबाईंचे हसू मात्र त्यामुळे चुकीचे ठरत नाही. त्या पहिल्या भागातल्या ओळखीच्या माणसांच्या भेटीसाठी आल्या होत्या आणि ती माणसे त्यांना भेटली.

प्रश्न : अशोक सराफ पडद्यावर येताच आमच्या चित्रपटगृहात एवढ्या शिट्ट्या झाल्या की पुढचे संवाद ऐकूच आले नाहीत. त्या क्षणी विनोद असा काही घडलाही नव्हता. याला चित्रपटाला मिळालेली दाद म्हणावे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : त्या शिट्ट्या एका दृश्याला नव्हत्या. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’पासून सचिन पिळगांवकर आणि अशोक सराफ यांना एकत्र पाहत आलेला, २०२३ चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार अशोक सराफ यांना जाहीर झाल्यावर घरचेच कार्य असल्यासारखा आनंदलेला प्रेक्षक आपल्या माणसाचे स्वागत करत होता. मला हे स्वागत मनापासून आवडते आणि त्याला भाबडेपणा म्हणण्याची माझी तयारी नाही. चित्रपटाची दाद म्हणून मात्र ते मोजू नये. स्वप्नील जोशी आणि हेमल इंगळे यांच्या वाट्याला पुढच्या पिढीच्या भूमिका आल्या आहेत. त्या पात्रांविषयी प्रेक्षकांच्या मनात आधीचा जिव्हाळा साठलेला नसतो. त्यांच्या प्रसंगांना सभागृह कसे हसले, हे आठवून पाहा. खरी दाद तेथे कळते.

प्रश्न : पहिल्या दिवशीच्या प्रतिक्रिया पाहून तिकीट काढावे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : केवळ त्यांवर विसंबू नये. ‘नवरा माझा नवसाचा २’च पाहा. तो २० सप्टेंबर २०२४ रोजी, अनंत चतुर्दशीनंतर तीनच दिवसांनी, प्रदर्शित झाला. त्याच दिवशी राष्ट्रीय सिनेमा दिन होता आणि देशभरातल्या अनेक चित्रपटगृहांत तिकीट ९९ रुपयांना होते. सणाचे वातावरण, स्वस्त तिकीट आणि भरलेले सभागृह असा योग जुळला की माणूस बाहेर पडताना प्रसन्नच असतो, आणि समोर कॅमेरा असेल तर अधिकच. सोमवारच्या संध्याकाळचा खेळ पूर्ण दराने पाहून आलेल्या ओळखीच्या माणसाला विचारावे. त्याने मध्यंतरानंतरचा एखादा प्रसंग आपणहून रंगवून सांगितला, तर खुशाल जावे.

प्रश्न : ‘झिम्मा २’मध्ये पहिल्या भागातल्या दोघीजणी नाहीत म्हणून माझी आई अर्ध्या चित्रपटभर रुसून बसली होती. प्रेक्षकांनी एवढे मनाला लावून घ्यावे का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आईंचा रुसवा मी चित्रपटाच्या यशातच धरतो. राज्यातली चित्रपटगृहे २२ ऑक्टोबर २०२१ रोजी निम्म्या आसनक्षमतेने पुन्हा उघडली आणि महिनाभरात, १९ नोव्हेंबरला, ‘झिम्मा’ आला. दीड वर्षाहून अधिक काळ घरात अडकलेल्या बायका मैत्रिणींना घेऊन, गटागटाने तो पाहायला गेल्या. पडद्यावर सहल होती आणि पाहणाऱ्यांचीही ती सहलच होती. अशा वेळी भेटलेली पात्रे ओळखीच्या बायकांसारखी मनात राहतात. २०२३ च्या दुसऱ्या भागात सोनाली कुलकर्णी आणि मृण्मयी गोडबोले दिसत नाहीत, रिंकू राजगुरू आणि शिवानी सुर्वे नव्याने येतात, तेव्हा ‘त्या दोघी का आल्या नाहीत?’ हा प्रश्न घरच्या समारंभात पडावा तितका स्वाभाविक आहे. नव्या दोघींनी पुढे आईंचे मन वळवले की नाही, ते त्यांनाच विचारा.

प्रश्न : ‘दे धक्का २’ लंडनला गेला आणि आम्हाला परका वाटला. परदेशात चित्रीकरण केल्याने असे होते का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : परदेशाला दोष देता येणार नाही, कारण ‘झिम्मा’ही इंग्लंडमध्येच घडतो. २००८ च्या ‘दे धक्का’त मुलीच्या नृत्यस्पर्धेसाठी कोल्हापूरचे एक कुटुंब कुरकुरणाऱ्या गाडीतून मुंबईला निघते. पैसा नाही, वेळ नाही, गाडीचा भरवसा नाही. म्हणून सर्वांनी उतरून धक्का मारायचा, भांडता भांडता पुन्हा आत बसायचे, आणि हसू त्या ओढगस्तीतून येई. चौदा वर्षांनी, २०२२ मध्ये, तेच जाधव कुटुंब लंडनमध्ये अवतरले तेव्हा ती ओढगस्त मागे राहिली आणि तिच्या जागी तितकी निकडीची दुसरी अडचण मला तरी दिसली नाही. याउलट ‘मुंबई-पुणे-मुंबई’चे उदाहरण पाहा. २०१० च्या पहिल्या भागाचा सारा भार दोन अनोळखी माणसांच्या एका दिवसाच्या गप्पांवर होता. २०१५ मध्ये सतीश राजवाडे यांनी त्या दोघांना लग्नापर्यंत आणले आणि दोन्ही घरची माणसे गोष्टीत आली. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे तेच होते, पण लग्न ठरल्यावर मुलीच्या मनात उभी राहिलेली चलबिचल आणि दोन्ही घरांत सुरू झालेली तयारी ही अडचण पूर्णपणे नवी होती, आणि त्यामुळे पहिला भाग पाठ असलेल्या प्रेक्षकालाही पुढे काय होणार याची उत्सुकता राहिली.